कादंबरीतला विचारी माणूस पडद्यावर कोण करणार?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एका गाजलेल्या मराठी कादंबरीचे हक्क तुम्हाला मिळायच्या बेतात आहेत (नाव सांगितलं नाही ते बरंच केलं, सह्या होईस्तोवर सांगूही नका). गोष्ट यवतमाळकडच्या कोरडवाहू गावातली, नायक शेती करता करता जगण्यामरण्याचा विचार करत राहतो, घडतं कमी अन् मनात चालतं जास्त. दोन पिढ्यांनी ती वाचलीय आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्या माणसाचा चेहरा पक्का बसलाय. प्रोड्युसर म्हणतो पुण्या-मुंबईचा ओळखीचा चेहरा घ्या, मित्र म्हणतात गावातलाच माणूस घ्या, आणि तुम्ही विचारताय की ऑडिशनला नेमकं बघायचं काय.

मी इकडे दारव्हा-दिग्रस पट्ट्यात राहून लोकल कास्टिंगचं काम करतो, त्याआधी नाटकात होतो, तर माझ्या अनुभवातून सांगतो. बोलणारा शोधू नका, ऐकणारा शोधा. बाकी सगळं याच्यातूनच निघतं.

वैचारिक कादंबरीचं कास्टिंग निघालं की सगळे पहिले आवाजाकडे धावतात. भारदस्त आवाज पाहिजे, खोल डोळे पाहिजे, थोडी दाढी, आणि संवाद असे म्हणणार की प्रत्येक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं. असा नट ऑडिशनला एक नंबर वाटतो. पण दीड तास तोच माणूस वाक्यं टाकत बसला की प्रेक्षक मोबाइल काढतो. कारण पुस्तकात तो विचार वाचणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यात घडत असतो, आपल्याच आवाजात, आपल्याच वेगानं, पाहिजे तिथं थांबून. पडद्यावर तेच वाक्य दुसरा कोणीतरी आपल्याला ऐकवतो आणि लगेच प्रवचन होऊन जातं. म्हणून कॅमेऱ्यात विचार दिसतो तो माणसाला काहीतरी लागतं तेव्हा. कोणीतरी काही बोललं आणि ते आत गेलं, एवढं दिसलं की झालं, मग तो बोलला नाही तरी चालतं.

परदेशातलं एक उदाहरण देतो, कारण त्या कादंबरीचे भक्त आपल्याकडं प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात सापडतात. 'द फाउंटनहेड'. सिनेमा 1949 चा, पटकथा खुद्द आयन रँडबाईंनीच लिहिलेली, आणि गॅरी कूपर हा नायक त्यांच्याच पसंतीचा. म्हणजे लेखिकेचीच मोहर, याच्यापेक्षा भारी कास्टिंग कोणतं असणार! पण कादंबरी सुरू होते तेव्हा नायक रोर्क 22 वर्षांचा आणि शूटिंगच्या वेळी कूपर 47 च्या घरात. वयाचं एकवेळ सोडून देऊ, शेवटी कोर्टातलं ते लांबलचक भाषण आहे ना, ते बघा. कूपर गडी मुळात कमी बोलून जास्त दाखवणारा, चुप राहण्यातच त्याची सगळी ताकद, आणि त्यालाच तिथं निबंध म्हणायला उभा केला. चेहरा बरोबर होता, काम चुकीचं दिलं, असं माझं मत.

त्याच बाईंच्या 'अ‍ॅटलस श्रग्ड'वर पुढं 2011, 2012 आणि 2014 मध्ये तीन भागात सिनेमा आला आणि तिन्ही भागात नटसंच वेगळा. नायिका डॅग्नी, तिन्ही वेळा वेगळी बाई. मला यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते, की पात्र म्हणजे मत वाहून नेणारी पाटी, उचलणारा कोणी का असेना, असं धरलं की असं होतं. प्रेक्षक मताचा पाठलाग करत नाही हो, तो चेहऱ्यामागं जातो. चेहरा बदलला की परत पहिल्यापासून ओळख करावी लागते.

आता आपल्याकडं या. आपल्या मातीत तत्त्वज्ञान भाषणातून कमी अन् प्रसंगातून जास्त आलंय. रिद्धपूर तुम्हाला माहीत असेलच, अमरावती जिल्ह्यातलं. म्हाइंभटांचं लीळाचरित्र तिथलं. उघडून बघा, चक्रधरस्वामी कुठं बसले होते, कोण आलं, काय विचारलं, काय खाल्लं, कोण रुसलं, आणि त्याच्यात मधेच एखादं वाक्य येऊन जातं. पटकथाकाराला तर ते वाचायला लावाच, पण कास्टिंग करणाऱ्यानंही वाचावं. कारण त्यात सारखं दिसत राहतं की गुरूएवढाच समोर बसलेला माणूस महत्त्वाचा आहे. वाक्याला वजन समोरच्यामुळं येतं.

गाडगेबाबांचं कीर्तन पण तसंच. बाबा सांगत कमी आणि विचारत जास्त, समोरच्या अडाणी माणसाकडूनच उत्तर काढून घ्यायचे. हा सवाल-जवाबाचा ढंग आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे, पारावर बसा अन् ऐका. 1977 च्या 'देवकीनंदन गोपाला'त गाडगेबाबा केले डॉ. श्रीराम लागूंनी. लागू म्हणजे कान-नाक-घशाचे डॉक्टर, शिकलेला शहरी माणूस, वऱ्हाडाशी काय संबंध. तरी केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमचे मित्र म्हणतात तसं 'गावातलाच पाहिजे' हा नियम करून ठेवू नका. बाहेरचा नट गावाचं ऐकायला तयार असेल, चार-पाच हप्ते येऊन राहणार असेल, मोबाइल बॅगेत ठेवून शेतात बसणार असेल, तर बाहेरचाही चालतो. आणि गावातला आहे पण कॅमेरा दिसला की टीव्हीवरच्या हिरोसारखा मान वळवतो, तो नाही चालत.

आता ऐकणारा ओळखायचा कसा? माझी पद्धत सांगतो, पाहिजे तर तशीच उचला.

ऑडिशनला आलेल्या माणसाला संवाद देऊच नका. हाताला काम द्या. तुरीच्या शेंगा सोलायला द्या, सरकी निवडायला द्या, दावं वळायला अंबाडी द्या, त्याला जे येत असेल ते. मग दुसऱ्या कोणालातरी कादंबरीतलं एक पान वाचायला सांगा, सपाट वाचायचं, अभिनय करायचा नाही. कॅमेरा वाचणाऱ्यावर नाही, काम करणाऱ्यावर. लेन्स जरा लांबची लावा आणि दहा मिनिटं काही बोलू नका. पहिली चार मिनिटं तो नटासारखं ऐकतो, मान डोलावतो, गंभीर होतो. मग कंटाळतो. खरी ऑडिशन तिथून पुढं सुरू होते.

आर्णीकडच्या एका गावात असाच एक बुढा आला होता, ऑडिशनला नाही, नातवाला घेऊन आला होता. वाट बघत बसला म्हणून मी म्हटलं काका बसा जरा कॅमेऱ्यासमोर. दावं वळायला लागला. माझा असिस्टंट पान वाचत होता, बाप मेल्यावर नायक त्याच्या चपलांचं काय करायचं याचा विचार करतो तो भाग. बुढ्याचे हात चालूच. पायाच्या अंगठ्यात अंबाडी अडकवलेली, तळवा फिरतोय, पीळ पडतोय. एका वाक्याला हात थांबले नाही, फक्त पीळ उलटा पडला, त्यानं बघितलं, उकलला आणि परत वळायला लागला. चेहऱ्यावर काहीच नाही. पान संपल्यावर मी विचारलं कसं वाटलं, तर म्हणे, "हे ज्यानं लिहलं त्याले घरी काम नसन का हो?" आणि थोडं थांबून, "पण चपलीचं खरं हाये." बस. दोन्ही वाक्यं पाहिजे. नुसतं दुसरं म्हणणारा भाबडा निघतो, नुसतं पहिलं म्हणणारा चेष्टेखोर. तुमच्या नायकात दोन्ही असल्याशिवाय ती कादंबरी पडद्यावर जड होणार म्हणजे होणारच.

असे लोक शोधायचे कुठं, तर गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना जिथं अजून रोज होते त्या गावांत जा. तुकडोजी महाराजांमुळं आपल्याकडं गावागावात ग्रामगीतेच्या ओव्या म्हणणारी, त्याचा अर्थ लावणारी, खंजिरीवर भजन म्हणणारी माणसं तयार झाली, जड विषय त्यांच्या तोंडात रोजच्या बोलण्यासारखा बसलेला असतो. पण तिथंही पुढं बसून अर्थ सांगणारा पहिले डोळ्यात भरतो, त्याला नंबर देऊन ठेवा अन् मागं बसून टाळ धरणारे बघा. ते वर्षानुवर्षं ऐकतायत.

'कोर्ट' (2014) पाहिला असेल तुम्ही, त्यात आरोपी शाहीर नारायण कांबळे करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, चळवळीतला माणूस, 'विद्रोही' मासिकाचं संपादन करायचे, 2021 मध्ये कोरोनात गेले. सिनेमात शाहिरी करताना ते दणकून दिसतात ते सोडा, कोर्टात नुसते उभे असतात ते बघा. वकील त्यांच्याबद्दल बोलतायत आणि ते ऐकतायत. आयुष्यभर असल्या खोल्यांत उभा राहिलेला माणूस तसा उभा राहतो, वर्कशॉपमधे ते शिकवता येत नाही.

आता वाचकांच्या डोक्यातल्या चेहऱ्याचं. याची भीती फार वाटते सगळ्यांना, मला तेवढी वाटत नाही. एक काम करा, कादंबरी परत वाचा आणि नायकाच्या शरीराबद्दल लेखकानं जिथं जिथं स्पष्ट काही लिहिलंय तिथं पेन्सिलनं खूण करा. उंची, रंग, नाक, चाल, आवाज, काहीही. माझी पैज आहे, खुणा फार कमी निघतील. अशा कादंबऱ्यांत नायक आतून लिहिलेला असतो, तो स्वतःला आरशात कशाला बघत बसेल. मग लोकांच्या डोक्यातला चेहरा आला कुठून? अर्ध्या वेळा मुखपृष्ठावरून! चित्रकारानं काढलेला तो बारीक, दाढीवाला, पाठमोरा माणूस, तोच पिढ्यानपिढ्या नायक होऊन बसतो. लेखकानं लिहिलेलं पाळा, मुखपृष्ठाचं देणं तुमच्यावर नाही. मात्र ज्या चार-दोन खुणा खरंच आहेत त्या सोडू नका. लेखकानं लिहिलं असेल की तो डाव्या पायानं जरा लंगडतो, तर लंगडला पाहिजे, तिथं वाचक माफ करत नाही, अन् करूही नये.

वाचकांना विचारून कास्टिंग करू नका, पोल तर अजिबात घेऊ नका. मारामाऱ्या होतात, बाकी हाती काही लागत नाही.

प्रोड्युसरच्या म्हणण्यावर येतो. तो चुकीचा नाही, पैसे त्याचे आहेत आणि ओटीटीवाले पहिले नावंच विचारतात. ओळखीचा चेहरा घ्या, पण ओळखीचा असणं जिथं कामी येईल तिथं घ्या. तुमच्या कादंबरीत बाहेरून गावात येणारं एखादं पात्र असेलच, डॉक्टर, बदलून आलेला साहेब, पुण्याला गेलेला मोठा भाऊ. तो आला की गाव त्याच्याकडं वळून बघतं. प्रेक्षक पण बघणार, 'अरे हा तर तो' म्हणून, आणि तुमचं काम फुकटात झालं. तोच चेहरा नायकाला लावला तर पहिला अर्धा तास त्याला विसरायला लावण्यातच जातो. हे असं गणित मांडून दाखवा प्रोड्युसरला, पोस्टरवर नाव पण राहते आणि डेट्स कमी लागल्यानं पैसे पण वाचतात. माझ्या अनुभवात दुसरा मुद्दा जास्त पटतो त्यांना.

आणि नायकाच्या विरोधात जो बोलतो त्याला तुमच्याकडचा सगळ्यात तगडा नट द्या. सावकार असेल, बायको असेल, देवभोळा काका असेल, जो कोणी नायकाच्या विचाराला 'हे सगळं ठीक आहे पण घर कसं चालवायचं' म्हणतो तो. वैचारिक कादंबऱ्यांत लेखकाचा जीव नायकावर असतो, समोरचा जरा कच्चाच लिहिलेला असतो. ते कच्चेपण पडद्यावर दहापट दिसतं. पटकथेत भरून निघालं नाही तर कास्टिंगमधे भरून काढता येतं, म्हणून म्हणतो.

बायकोच्या भूमिकेवर वेगळं लिहितो, कारण मला वाटतं तुमचा सिनेमा तिथंच तरेल नाही तर बुडेल. अशा कादंबऱ्यांत नायकाची बायको म्हणजे बहुतेक वेळा भिंत, तो बोलतो ती ऐकते, पाणी आणून देते. पण आत्ताच म्हटलं ना, की ऐकणाऱ्याचा चेहराच सिनेमा आहे. मग अर्धा वेळ कॅमेरा तिच्यावर राहणार! आणि तिथं जर एखादी गोड दिसणारी, काळजीनं बघणारी पोरगी बसवली तर संपलं. ऑडिशन अशी घ्या, नायकाचं लांब स्वगत कोणाकडून तरी वाचून घ्या, बाईला चुलीसमोर बसवा, भाकरी थापायला लावा, आणि फक्त एक सूचना द्या, की तुम्हाला पाहिजे तिथं त्याला तोडा. काही पाहिजे ते विचारा, 'मीठ संपलं', 'उद्या कोणाच्या वावरात जायचं', काहीही. कुठं तोडते ते बघा. काहीजणी वाक्य संपल्यावर बोलतात, त्या नटी आहेत, चांगल्या आहेत. एखादी बरोबर त्या ठिकाणी तोडते जिथं तो स्वतःच्याच बोलण्यावर खुश व्हायला लागलाय. तिला घरी जाऊ देऊ नका, तिथंच तिच्या डेट्स घ्या.

अशा बाया झाडीपट्टीत सापडतील. तुम्ही यवतमाळच्या, तुमचा तिकडं फार संबंध आला नसेल, म्हणून सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीपासून साधारण होळीपर्यंत रात्र-रात्रभर नाटकं चालतात, देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचं मुख्य केंद्र, गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा मंडई (जत्रा) असली की रात्री नाटक ठरलेलंच. तिथले कलाकार रोज नवीन गावात, थंडीत, उघड्यावर उभे राहतात. पाठांतर, दमछाक सहन करणं, पब्लिकची नस, या बाबतीत पुण्या-मुंबईतले नट त्यांच्या जवळपास पण नाहीत. अडचण एकच, आवाज. मंडपाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून गळा घडलेला असतो, कॅमेऱ्यासमोर तोच आवाज फुटतो, आणि डोळेही तेवढेच मोठे होतात. लोक इथंच त्यांना रिजेक्ट करतात, जे चूक आहे. त्यांना 'कमी करा' म्हणू नका, त्याचा अर्थ त्यांना 'वाईट करा' असा लागतो. परिस्थिती द्या. बाजूला तान्हं लेकरू झोपलंय, आत्ताच डोळा लागलाय त्याचा, आता बोला. आपोआप आवाज खाली येतो अन् डोळे पण. एक-दोन आठवड्यांच्या वर्कशॉपमधे बहुतेकांचं जमून जातं, ज्यांचं नाही जमत त्यांना गावातल्या भांडणाच्या सीनला ठेवा.

मात्र त्यांची बोली तुमच्या गावाची नाही हे ध्यानात असू द्या. यवतमाळकडं डोळ्याचा 'डोया' होतो, झाडीत 'डोरा' होतो, आणि नागपूरचं हिंदीमिश्रित बोलणं तिसरंच. मुंबईतल्या माणसाला सगळं 'विदर्भी' वाटतं, इथल्या माणसाला दुसऱ्या वाक्यात कळतं. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच आवाज रेकॉर्ड करणार असाल तर बोली शिकवणारा माणूस सेटवर पूर्णवेळ ठेवा, आणि तो प्राध्यापक नको, त्याच तालुक्यातली एखादी बोलकी बाई ठेवा, तिला चूक ऐकली की राहवतच नाही.

बोलीची याहून मोठी अडचण दुसरीच आहे. टीव्हीनं वऱ्हाडी म्हणजे हसायची भाषा करून ठेवलीय. थेटरात पहिलं 'काऊन' (म्हणजे 'का') ऐकलं की लोक हसायच्या तयारीत बसतात, मग बाप मेल्याचं सांगत असला तरी. म्हणून तुमच्या नायकाची परीक्षा अशी घ्या की त्यानं ठसठशीत वऱ्हाडीत दुःखाची गोष्ट सांगावी आणि खोलीत कोणाला हसू येऊ नये. आणि याच्या उलटंही होतं, ऑडिशन म्हटलं की गावातला माणूस एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागतो, 'माझे नाव अमुक, मी शेतकरी आहे'. त्याला कितीही सांगा की नेहमीसारखं बोला, उपयोग नाही. सरळ त्याला म्हणा घरी फोन लाव, सांग उशीर होईल. "काऊन वं, जेवली का? मले टाइम लागते इकडं, हे लोकं काई सोडून नाई रायले." झालं, सापडली भाषा. फोन ठेवल्याबरोबर लगेच पान वाचायला द्या, मधे चहा नको.

एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. आपल्याकडच्या कास्टिंगमधे काळा म्हणजे मजूर, गोरा म्हणजे पाटील, आणि विचार करणारा म्हणजे बारीक, उजळ, चष्मेवाला, हे इतकं रुतलंय की कोणी मुद्दाम करतही नाही, आपोआप होतं. तुमच्या ऑडिशनच्या लिस्टवर एकदा या नजरेनं बघा. ज्यांना 'गर्दीसाठी' म्हणून बाजूला ठेवलंय त्यांच्यातून चार-पाच जणांना नायकाचं पान वाचून दाखवा, अर्थात कॅमेरा त्यांच्यावर ठेवून. 2022 चा 'झुंड' आठवा, नागपूरच्या वस्तीतली पोट्टी होती ती, मोठ्या नटासमोर उभी राहिली आणि कुठंही कमी पडली नाही.

नायकाचं लहानपण अन् म्हातारपण पण दाखवायचं आहे असं तुम्ही लिहिलंय. नाक-डोळे जुळवत बसू नका, त्यानं काही होत नाही. सवय जुळवा. आधी मोठा नट फायनल करा, त्याची एखादी सवय पकडा, विचार करताना कानाची पाळी ओढतो, बसताना एक गुडघा वर घेतो, आणि ती लहान्याला द्या. मेकअपनं पंचविशीचा गडी सत्तरचा करायचा मोह होईल, बजेटही वाचतंय असं वाटेल, करू नका. क्लोजअपमधे कातडी सांगते सगळं.

लहान पोरगा घेणार असाल तर कायद्याचं आत्ताच बघून ठेवा, इकडे बरेच जण दुर्लक्ष करतात आणि मग फसतात. बालकामगार कायद्याच्या 2017 च्या नियमांप्रमाणं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, सलग 3 तासांच्या वर नाही, सलग 27 दिवसांच्या वर नाही, आणि मिळणाऱ्या पैशातले निदान 20 टक्के त्याच्या नावानं बँकेत फिक्स डिपॉझिटला टाकावे लागतात. शाळा बुडू द्यायची नाही हे आलंच. आईबापाला हे सगळं मराठीत समजावून सांगा, कागद नुसता सहीला पुढं करू नका.

रिजेक्ट झालेल्यांच्या टेप डिलीट करू नका. सौमित्र चटर्जी 'अपराजितो'च्या वेळी सत्यजित रायांकडं गेले होते, किशोरवयीन अपूसाठी ते मोठे पडले म्हणून नाही घेतलं. रायांनी लक्षात ठेवलं आणि 1959 च्या 'अपूर संसार'मधे मोठा अपू त्यांनाच दिला. तुमच्याकडं तर मोबाइलच आहे, प्रत्येक टेपला नाव, गाव, वय, हाताला काय काम येतं, आणि कशासाठी नाकारलं, एवढं लिहून ठेवा. वर्षभरानं पटकथा बदलते, मोठ्या भावाचा धाकटा होतो, तेव्हा हीच यादी वाचवते.

निवेदनाबद्दल तुम्ही विचारलं नाही पण येणारच तो विषय, कादंबरीतली ती गाजलेली वाक्यं टाकायची तर व्हॉइसओव्हर लागेल. चेहरा एकाचा अन् आवाज दुसऱ्याचा असं करायला हरकत नाही. उलट मी म्हणेन त्या बायकोच्याच आवाजात करून बघा, त्याचे विचार तिच्या तोंडून. पटलं नाही तर सोडा, पण एकदा रेकॉर्ड करून ऐका.

आता वेळापत्रक, कारण गावातली माणसं घ्यायची म्हणजे त्यांच्या कामाप्रमाणं चालावं लागतं. ऑडिशनसाठी सगळ्यात चांगला काळ म्हणजे पोळा झाल्यापासून सोयाबीन निघेपर्यंतचा, निंदण-डवरण उरकत आलेलं असतं अन् माणसं घरी सापडतात. एकदा सोयाबीन कापणीला आलं आणि त्याच्यामागं कापूस वेचायला लागला की कोणीच मोकळं नाही, आणि तेव्हाच झाडीपट्टीवाल्यांचा सीझन सुरू होतो, ते होळीपर्यंत हाती लागत नाहीत. होळीनंतर शूटिंग धरलं तर मार्च ठीक, एप्रिल-मेमधे इकडचं ऊन माहीत आहे तुम्हाला, म्हाताऱ्या माणसांना दुपारी उन्हात उभं करू नका, कॉल टाइम पहाटे पाचचा ठेवा आणि अकराला पॅकअप.

मानधन ठरवताना त्या दिवसाची बुडणारी मजुरी आणि वर कामाचे, असं दोन्ही धरा, आणि वर्कशॉपचे पण द्या, तो टाइमपास नाही. कागद मराठीत, दोन पानांच्या आत, एक प्रत त्यांच्याकडं. लूक टेस्टचे (मेकअप-कपडे करून बघतो त्याचे) फोटो गावातल्या ग्रुपवर जाऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवा, तरी जातीलच, निदान नायकाचा तरी वाचवा. पोळा जवळ आलाय, गावांची यादी झाली की मला पाठवा, त्यातली दोन-तीन मंडळं मला माहीत आहेत, मी बोलून ठेवतो.